चौथ्या डाउनची माणसं

अमेरिकन फुटबॉलच्या संघात हेड कोच सोडला तर अख्ख्या संघापुढे उभं राहून बोलणारा कोच एकच असतो, तो स्पेशल टीम्सचा, म्हणजे किक आणि पंटच्या वेळी मैदानात उतरणाऱ्या टोळ्यांचा. चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅकच्या कोचला तिघाचौघांना सांभाळायचं असतं, लाइनच्या कोचला आपली दहा-बारा धिप्पाड मंडळी. चेंडू पुढे नेणारे ऑफेन्सवाले एका खोलीत बसतात, त्यांना अडवणारे डिफेन्सवाले दुसऱ्या. स्पेशल टीम्सच्या मीटिंगला मात्र दोन्हीकडचे येऊन बसतात आणि त्यातल्या बऱ्याच जणांना तिथे मनापासून यायचं नसतं. कॉलेज गाजवून एनएफएलमध्ये, म्हणजे तिथल्या व्यावसायिक लीगमध्ये, आलेल्या पोराला टचडाउन करायचे असतात, चेंडू घेऊन समोरच्यांच्या गोललाइनपलीकडे जायचं असतं. हा कोच त्याला सांगतो की रविवारी तू पंटच्या मागे पन्नास यार्ड जीव तोडून धावायचं आहेस आणि चेंडू तुझ्या हातात एकदाही येणार नाही. त्या पोराला हे पटवून देणं, ही खरी नोकरी.

या नोकरीवर मला लिहायचं होतं आणि जॉन हारबॉ यांना समोर ठेवूनच लिहायचं होतं. ही वाट माणसाला कुठवर नेते आणि कुठे अडवते, ते त्यांच्या कारकिर्दीत इतकं लख्ख दिसतं की दुसरं उदाहरण शोधावं लागत नाही. शिवाय आम्ही बाल्टिमोरच्या एका उपनगरात राहतो. बाल्टिमोर रेव्हन्सचा हा कोच अठरा सीझन आमच्या घरात टीव्हीवरून येत-जात होता.

खेळ ज्यांनी पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. चेंडू ज्यांच्याकडे आहे त्यांना दहा यार्ड पुढे सरकायला चार संधी मिळतात, त्यांना डाउन म्हणतात. तीन डाउनमध्ये जमलं नाही की चौथ्याला बहुतेक वेळा ऑफेन्सवाले मैदानाबाहेर येतात आणि दुसरीच माणसं आत जातात. एक तर पंट करून, म्हणजे हातातून सोडलेल्या चेंडूला लाथ मारून, तो लांब ढकलून द्यायचा, नाहीतर गोलपोस्ट टप्प्यात असेल तर किक मारून तीन गुण घ्यायचे, त्याला फील्ड गोल म्हणतात. सामना सुरू होताना आणि प्रत्येक स्कोअरनंतर किकऑफ असतो, तोही यांच्याचकडे. पंट करणारे आणि तो परत आणणारे, किकऑफ मारणारे आणि परत आणणारे, फील्ड गोल मारणारे आणि तो अडवणारे, अशा सहा टोळ्या. प्रत्येकीत अकरा जण, आणि हे सगळे एकाच कोचच्या ताब्यात.

माझं लक्ष या टोळ्यांकडे गेलं ते मुलामुळे. हायस्कूलच्या संघात त्याला लाँग स्नॅपरचं काम मिळालं. म्हणजे वाकून, दोन पायांमधून मागे बघत, चेंडू मागच्या माणसाकडे फेकायचा. पंटर पंधरा यार्ड मागे असतो, तिथे चेंडू पाऊण सेकंदाच्या आसपास पोचला पाहिजे. फील्ड गोलच्या वेळी होल्डर सात-आठ यार्डांवर गुडघा टेकून बसलेला असतो. स्नॅप निघाला, होल्डरनं झेलला, टेकवला, किकरनं मारला, हे सगळं साधारण एक पूर्णांक तीन दशांश सेकंदात उरकावं लागतं. चेंडूला एका बाजूला जी लेस असते ती किकरच्या पायाकडे येऊन चालत नाही, गोलपोस्टकडे तोंड करून असावी लागते. चांगले स्नॅपर चेंडूला नेमके इतके फेरे देतात की होल्डरच्या हातात येतानाच लेस जागेवर असते, त्याला बोटानं फिरवावी लागत नाही. आमचा मुलगा अंगणात कुंपणाला जुनी गादी लावून तासन्‌तास हेच करायचा. मी स्वयंपाकघरात असले की गादीवरचा धप आवाज ऐकून कुठला नीट गेला ते मला कळायला लागलं होतं.

एकदा सामन्यानंतर मी म्हटलं, "अरे, आज तुझं नाव एकदाही घेतलं नाही माइकवर."

"आई, नाव घेतलं असतं तर वाट लागली असती ना," तो म्हणाला आणि फ्रिज उघडून उभा राहिला.

पंगतीत मीठ वाढणाऱ्याची आठवण मीठ राहिलं तरच होते, तशातलंच हे. त्यांचा कोच दिवसा शाळेत विज्ञान शिकवायचा. सामन्याच्या संध्याकाळी त्याच्या हातात प्लास्टिकमध्ये घातलेला एक कागद असायचा, त्यावर सहाही टोळ्यांतली नावं आणि प्रत्येकाच्या शेजारी पेन्सिलनं बदली नाव. मैदानात कोणाचा पाय मुरगळला की सगळे त्या मुलाकडे बघायचे, हा कागदाकडे. तो मुलगा तीन टोळ्यांत असेल तर तीन भोकं पडली, आणि ती पुढच्या पंटच्या आत बुजवायची. एनएफएलमध्येही सामन्याच्या दिवशी हेच चालतं. सामन्याला जेमतेम अठ्ठेचाळीस खेळाडू उभे करता येतात, त्यामुळे एक लाइनबॅकर, म्हणजे डिफेन्सच्या दुसऱ्या फळीतला खेळाडू, जायबंदी झाला की डिफेन्सच्या कोचचा एक माणूस कमी होतो आणि स्पेशल टीम्सच्या कोचचे दोन. कारण जायबंदी झालेल्याच्या जागी जो डिफेन्समध्ये जातो, तोही याच्याच टोळीतला असतो.

म्हणून संघातल्या शेवटच्या माणसाची कुवत या कोचला जितकी ठाऊक असते तितकी दुसऱ्या कोणाला नसते. मला या कामाबद्दल जे वाटतं ते सगळं याच्यावरच उभं आहे.

हे पद तसं फार जुनं नाही. १९६९ मध्ये लॉस एंजेलिस रॅम्सच्या जॉर्ज ॲलन यांनी डिक व्हर्मील या तरुण कोचला खास याच कामासाठी घेतलं. त्याच वर्षी फिलाडेल्फिया ईगल्सनी मार्व्ह लीव्ही यांना. त्याआधी कोणीतरी सहायक आपलं काम सांभाळून हेही बघायचा. व्हर्मील पुढे हेड कोच म्हणून सुपर बोल, म्हणजे एनएफएलचा अंतिम सामना, जिंकले. लीव्हींनी बफेलो बिल्सला सलग चार सुपर बोलमध्ये नेलं, चारही हरले तरी तो पराक्रम आजवर कोणाला साधलेला नाही. बिल बेलिचिक १९७९ मध्ये न्यूयॉर्क जायंट्समध्ये आले ते स्पेशल टीम्स सांभाळायला. इतकी नावं असूनही संघमालक हेड कोच शोधायला निघाले की ऑफेन्सचा नाहीतर डिफेन्सचा सूत्रधार बघतात. हा तिसरा कोच चांगला आहे, पण त्याला खेळाची मोठी बाजू माहीत नाही, असा समज पक्का बसलेला आहे.

या समजाला फ्रँक गान्झ यांची गोष्ट कारण झाली असेल का, असं मला कधी कधी वाटतं. २१ डिसेंबर १९८६ ला कॅन्सस सिटी चीफ्सनी पिट्सबर्गला २४-१९ असं हरवलं आणि ते चोवीसच्या चोवीस गुण स्पेशल टीम्सचे होते. एक अडवलेला पंट, एक किकऑफ शेवटपर्यंत परत आणलेला, एक अडवलेला फील्ड गोल आणि एक मारलेला. त्या विजयानं चीफ्स पंधरा वर्षांनी प्लेऑफमध्ये, म्हणजे मोसमाअखेरच्या बाद फेरीत, गेले. मोसम संपल्यावर हेड कोचला नारळ मिळाला आणि खेळाडूंच्या लाडक्या गान्झना ती जागा. पुढच्या दोन्ही मोसमांत त्यांना चार-चारच सामने जिंकता आले आणि त्यांनाही जावं लागलं. पण त्यांचा शेवट तिथे झाला नाही. १९९९ च्या मोसमात व्हर्मील यांनी सेंट लुइस रॅम्सला सुपर बोल जिंकून दिला तेव्हा त्यांच्या स्पेशल टीम्सचे कोच गान्झ होते. ही दुसरी ओळ फारसं कोणी सांगत नाही.

हारबॉ जन्मले ते कोचच्याच घरात. वडील जॅक हारबॉ कॉलेज कोच, त्यामुळे बिऱ्हाड या गावाहून त्या गावाला. धाकटा भाऊ जिम एनएफएलचा नावाजलेला क्वार्टरबॅक झाला. जॉन ओहायोतल्या मायामी विद्यापीठात डिफेन्समध्ये खेळले, पण पुढे खेळाडू म्हणून वाट नव्हती. १९८४ मध्ये वडिलांच्याच हाताखाली वेस्टर्न मिशिगनला उमेदवारी सुरू केली. पिट्सबर्ग, मोअरहेड स्टेट, मग सिनसिनाटी विद्यापीठात १९८९ ते १९९६. तिथेच ते स्पेशल टीम्समध्ये मुरले. इंडियानाला एक वर्ष काढून १९९८ मध्ये फिलाडेल्फिया ईगल्सकडे आले. त्या मोसमात ईगल्स तीनच सामने जिंकले आणि त्यांना आणणारे हेड कोच रे रोड्स गेले. अशा वेळी जुन्या कोचची सगळी माणसं जातात, हा तिथला रिवाज. नवे आलेले अँडी रीड यांनी मात्र हारबॉंना ठेवून घेतलं.

रीड यांचा विश्वास किती होता ते ३ सप्टेंबर २००० ला दिसलं. डॅलसमध्ये मोसमाचा पहिला सामना, तापमान त्रेचाळीस अंशांच्या घरात. सामन्याच्या पहिल्याच किकऑफला ईगल्सनी ऑनसाइड किक मारली, म्हणजे चेंडू लांब न मारता थोडक्यात मारून स्वतःच पकडायचा. एरवी हरत आलेला संघ शेवटच्या मिनिटांत नाइलाजानं करतो ते यांनी पहिल्या सेकंदाला केलं, चेंडू पकडलासुद्धा, आणि सामना ४१-१४ असा जिंकला. १९ ऑक्टोबर २००३ ला जायंट्स १०-७ नं पुढे होते, घड्याळात दीड मिनिट उरलेलं. ईगल्सच्या ब्रायन वेस्टब्रुकनं पंट उचलला आणि चौऱ्याऐंशी यार्ड धावत नेला. असल्या धावेचं रेकॉर्डिंग मी मुलाबरोबर बसून पुढे-मागे करून बघितलं. त्यानंच मला शिकवलं की चेंडूवाल्याकडे बघायचं नाही, त्याच्या दोन्ही बाजूंना कोण कोणाला अडवतंय ते बघायचं. तसं बघितलं की आपोआप उघडलेली वाटणारी वाट कोणी उघडली ते दिसतं, आणि त्यांची नावं शोधून काढावी लागतात.

इतकं होऊनही हेड कोचच्या मुलाखतींत त्यांच्याकडे गंभीरपणे कोणी बघत नव्हतं. नऊ वर्षं स्पेशल टीम्स सांभाळल्यावर २००७ मध्ये हारबॉंनी मागून घेऊन डिफेन्सच्या मागच्या फळीचं कोचपद घेतलं. स्वतःच्या हातखंड्याचं काम सोडून वर्षभर दुसरं काम करायचं, कशासाठी, तर आपल्या नावापुढची पाटी बदलावी म्हणून. पुढच्या जानेवारीत बाल्टिमोरला जागा झाली. रेव्हन्सची पहिली पसंती जेसन गॅरेट यांना होती, ते डॅलसलाच थांबले. मग हारबॉ. स्वतः स्पेशल टीम्समधून आलेल्या बेलिचिक यांनी रेव्हन्सचे मालक स्टीव्ह बिशॉटी यांना फोन करून त्यांच्यासाठी शब्द टाकला होता. त्यांनी फोन केला याचं मला फार बरं वाटतं.

नव्या संघात रुळायला त्यांना वेळ लागला नाही. कडवट खेळाडूंनी भरलेली ड्रेसिंग रूम, त्यात बाहेरून आलेला, हेड कोचपद कधी न भूषवलेला माणूस. पण पहिल्याच मोसमात ते प्लेऑफमध्ये गेले. प्रत्येक खोलीतल्या माणसाशी बोलायची सवय आधीपासून होती, ती कामी आली असणार.

पण किक कोणाच्या बापाची नसते. २२ जानेवारी २०१२, सुपर बोलच्या आधीचा सामना, न्यू इंग्लंडमध्ये. रेव्हन्स २०-२३ असे मागे आणि त्यांचा किकर बिली कंडिफ याच्यासमोर बत्तीस यार्डांचा फील्ड गोल. एवढ्या अंतराची किक हे लोक झोपेत मारतात. ती डावीकडून बाहेर गेली. पुढच्या उन्हाळ्यात कोणत्याही संघानं ड्राफ्टमध्ये, म्हणजे कॉलेजच्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, न घेतलेला जस्टिन टकर नावाचा पोरगा कंडिफशी स्पर्धा करायला आला आणि जागा घेऊन गेला.

मग ३ फेब्रुवारी २०१३, न्यू ऑर्लीन्स. समोर सॅन फ्रान्सिस्को, आणि त्यांचा हेड कोच सख्खा भाऊ जिम. सगळ्या वर्तमानपत्रांनी भावांवर लिहिलं. मला तो सामना पहिल्यापासून शेवटपर्यंत एका स्पेशल टीम्स कोचनं मांडलेला वाटतो. दुसऱ्या क्वार्टरमध्ये, म्हणजे सामन्याच्या चार भागांतल्या दुसऱ्या भागात, फील्ड गोलचं नाटक करून चक्क टकरच चेंडू घेऊन पळाला, नऊ यार्ड हवे होते, आठ मिळाले. दुसऱ्या हाफचा पहिलाच किकऑफ रेव्हन्सच्या जॅकोबी जोन्सनं एकशे आठ यार्ड धावत नेला आणि आघाडी २८-६ झाली. त्यानंतर स्टेडियमचे दिवे गेले, खेळ चौतीस मिनिटं थांबला, आणि दिवे आल्यावर सॅन फ्रान्सिस्कोनं पाठलाग सुरू केला. त्यांचा किकर होता डेव्हिड एकर्स, ईगल्समध्ये वर्षानुवर्षं हारबॉंच्या हाताखाली तयार झालेला. त्याची एक किक हुकली, पण रेव्हन्सचा एक जण त्याच्यावर जाऊन आदळला, पंचांनी पुन्हा संधी दिली आणि ती त्यानं साधली.

शेवटी रेव्हन्स ३४-२९ असे पुढे. बारा सेकंद उरले होते, रेव्हन्सना स्वतःच्याच गोललाइनजवळून पंट करायचा होता. पंटर सॅम कुकनं पंट केलाच नाही. चेंडू घेऊन तो मागच्या मागे एंड झोनमध्ये, म्हणजे गोललाइनमागच्या पट्ट्यात, घुटमळत राहिला आणि पुढचे दहाही जण समोरच्यांना सरळ मिठ्या मारून धरून उभे राहिले. असं धरणं नियमात बसत नाही. पण एंड झोनमध्ये त्याची शिक्षा म्हणजे सेफ्टी, प्रतिस्पर्ध्याला दोन गुण, आणि ते दोन गुण तर हे आपणहून द्यायलाच निघाले होते. मग धरायला काय हरकत? आठ सेकंद गेले. ३४-३१. चार सेकंद उरले, त्यात सॅन फ्रान्सिस्कोच्या टेड गिननं शेवटची किक परत आणायचा प्रयत्न केला. त्याला पाडलं जॉश बाइन्सनं. ड्राफ्टमध्ये कोणीही न निवडलेला लाइनबॅकर. सुपर बोलचा शेवटचा टॅकल त्याच्या नावावर आहे. हा प्रसंग मी कितीही वेळा सांगू शकते, घरातले आता उठून जातात.

या खेळाच्या धोक्याबद्दल न लिहिता पुढे जाणं मला जमणार नाही, मी एका खेळाडूची आई आहे. ९ सप्टेंबर २००७ ला बफेलोच्या केव्हिन एव्हरेटनं किकऑफवर टॅकल केला आणि तो जागच्या जागी कोसळला. मणक्याला गंभीर दुखापत झाली होती. पुढे तो चालायला लागला, खेळू मात्र शकला नाही. चाळीस यार्डांवरून दोन बाजूंनी भरधाव येऊन आदळायचं, तर आणखी काय होणार? त्यानंतर वर्षावर्षाला नियम आवळत गेले. शेवटी किकऑफ मारायचा, तो मैदानाच्या टोकाबाहेर जायचा आणि सगळ्यांनी माघारी फिरायचं, एवढंच उरलं. फेब्रुवारी २०२४ च्या सुपर बोलमध्ये एकही किकऑफ परत आणला गेला नाही. स्पेशल टीम्सच्या कोचचं निम्मं काम असं डोळ्यांदेखत संपत चाललं होतं.

ते वाचवलं त्यांच्यातल्याच लोकांनी. डॅलसचे जॉन फॅसल, न्यू ऑर्लीन्सचे डॅरन रिझी आणि इतर काही जणांनी बसून नवीन किकऑफ आखला आणि मार्च २०२४ मध्ये मालकांनी तो मंजूर केला. आता किकर लांबून मारतो, पण दोन्ही बाजूंची माणसं आधीच समोरासमोर पाच-दहा यार्डांवर उभी असतात आणि चेंडू खाली येईपर्यंत कोणी हलायचं नसतं. भरधाव आदळणं गेलं, धावणं परत आलं. एरवी एकमेकांपासून युक्त्या लपवणारे हे कोच त्या वर्षी आपलं काम टिकावं आणि पोरंही धड राहावीत म्हणून एकत्र आले, याचं मला मनापासून कौतुक आहे.

हारबॉंचं बाल्टिमोरमधलं पर्व ४ जानेवारी २०२६ ला संपलं. पिट्सबर्गला मोसमाचा शेवटचा सामना. जिंकला तो प्लेऑफमध्ये. पिट्सबर्गनं शेवटच्या मिनिटाला टचडाउन केला, पण त्यांच्या किकरनं पुढचा साधा जादा गुण घालवला, त्यामुळे फरक दोनाचाच राहिला. रेव्हन्सनी चेंडू चव्वेचाळीस यार्डांच्या टप्प्यात आणला. टायलर लूप, पहिल्याच वर्षाचा किकर. उजवीकडून बाहेर. २६-२४. दोन दिवसांनी अठरा वर्षांच्या कोचला निरोप देण्यात आला. कारणं अर्थात त्या एका किकपेक्षा मोठी होती, मोसमभर संघ धडपडतच होता. पण ज्या माणसानं उभं आयुष्य स्नॅप, होल्ड आणि किक यांच्या सेकंदाचे तुकडे जुळवण्यात घातलं, त्याला शेवटी तोच तुकडा आडवा आला, हे त्या रात्री मला सहन झालं नाही. लूपचाही राग आला नाही. त्याच्या वयाची मुलं आमच्या घरी जेवायला येतात.

हारबॉंना थांबावं लागलं नाही. त्याच महिन्यात न्यूयॉर्क जायंट्सनी त्यांना नेलं, बेलिचिक स्पेशल टीम्स सांभाळायला आले होते त्याच संघानं. आता त्यांच्या नावापुढे जुनी पाटी कोणी लावत नाही. ती बाकीच्यांना अजून आहे. ईगल्समध्ये हारबॉंच्या हाताखाली शिकलेले डेव्ह टोब यांनी शिकागोत किक आणि पंट परत आणण्यात नावाजलेला डेव्हिन हेस्टर घडवला, मग कॅन्सस सिटीत सुपर बोल जिंकणाऱ्या संघांच्या स्पेशल टीम्स उभ्या केल्या. मुलाखतीला त्यांना बोलावलं गेलं, संघ मिळाला नाही. रिच बिसाचिया यांच्या हाती २०२१ मध्ये मोसम चालू असतानाच विस्कटलेला लास व्हेगस रेडर्स संघ आला. त्यांनी तो प्लेऑफमध्ये नेला, त्यांनाच कायम ठेवा असं खेळाडू उघड म्हणत होते. मालकांनी नेमला दुसराच, ऑफेन्सचा सूत्रधार. प्रत्येक खेळाडूला ओळखणं ही मोठी बाजू नसेल तर मोठी बाजू कोणती, हे मला कोणीतरी नीट समजावून सांगावं. बिसाचिया ग्रीन बेला गेले. २०२४ मध्ये रिझींनी न्यू ऑर्लीन्सचे शेवटचे आठ सामने हंगामी हेड कोच म्हणून काढले, आणि पुढच्या मोसमात डेन्व्हरला रुजू झाले, पंट आणि किकऑफ शिकवायला.